गजाआडची मालकी

तुरुंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच भिंती, जाड गज आणि पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेला चित्रपटातला कैदी उभा राहतो. माणूस आत गेला, दार बंद झाले, की आपली कल्पनाही तिथेच थांबते. पण ते दार बंद होण्यापूर्वी आणखी एक गोष्ट घडत असते आणि ती चित्रपटांत सहसा दाखवत नाहीत. त्या माणसाचे खिसे रिकामे केले जातात. घड्याळ, पाकीट, पाकिटातले तीनचारशे रुपये, मोबाईल, बोटातली अंगठी, कमरेचा पट्टा, घराच्या किल्ल्यांचा जुडगा. सगळे टेबलावर येते, कारकून ते वहीत लिहून घेतो. मग माणूस बराकीत जातो आणि त्याचे गाठोडे कचेरीत राहते.

हे गाठोडे आता कोणाचे?

फौजदारी वकिलीत जामिनाच्या खालोखाल मला कुठला प्रश्न विचारला गेला असेल, तर तो हाच. फरक इतकाच, की जामिनाचे लोक मोठ्याने विचारतात आणि हे दबक्या आवाजात. मुलगा आत असताना त्याच्या पैशांचे विचारायचे, याची आईला लाज वाटते. धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचा मुलगा मारामारीच्या प्रकरणात पकडला गेला होता. जामिनाचे बोलणे झाले, मावशी उठल्या आणि दाराशी थबकून म्हणाल्या, "वकीलसाहेब, त्याच्या खिशात पगाराचे सहा हजार होते. ते आता सरकारजमाच झाले म्हणायचे ना?"

"नाही मावशी, ते त्याचेच आहेत. पोलिसांनी काही कागद दिला का?"

"कसला कागद?"

या विषयाची सगळी गोम त्या दोन शब्दांत आहे. हक्क आहे आणि तो चांगला भक्कम आहे. पण तो उभा राहतो एका चिठ्ठीवर, आणि ती चिठ्ठी मागायची असते हे कोणी सांगितलेले नसते.

जुनी भीती

मावशींची भीती अगदीच निराधार नव्हती. तिच्यामागे खरा इतिहास आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात राजद्रोहासारखा मोठा गुन्हा शाबीत झाला की गुन्हेगाराची मालमत्ता जप्त होई आणि त्याची बायकामुले रस्त्यावर येत. १८७० मध्ये तिथे ही चाल कायद्याने बंद झाली. पण त्याच राज्यकर्त्यांनी आपल्यासाठी १८६० साली जी दंडसंहिता केली, तिच्यात ६१ आणि ६२ ही दोन कलमे पुढेही राहिली. गंभीर गुन्ह्यात शिक्षेबरोबरच गुन्हेगाराची मालमत्ता सरकारजमा करण्याचा अधिकार या कलमांनी न्यायालयांना दिला होता.

महाराष्ट्राला तो अधिकार चांगलाच माहीत आहे. डिसेंबर १९१० मध्ये नाशिक कटाच्या खटल्यात वि. दा. सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. त्याच निकालात मालमत्ता जप्तीचीही शिक्षा होती, ती मात्र फारशी लक्षात राहत नाही. अंदमानला एक माणूस जातो, पण जप्ती आली म्हणजे शिक्षा मागे राहिलेल्या सबंध घराला होते.

ही दोन कलमे १९२१ मध्ये रद्द झाली. 'मालमत्तेची जप्ती' हे शब्द शिक्षांच्या यादीतून गेले नाहीत. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहेत. पण ती जप्ती काही ठरावीक गुन्ह्यांपुरती आणि ठरावीक वस्तूंपुरती आहे. शिक्षा झाली म्हणून माणसाचे घरदार सरकारचे झाले, असा सरसकट नियम जाऊन शंभर वर्षे उलटली. कायदा गेला, भीती मात्र घराघरांत राहिली. आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे आलेली ही भीती अजून म्हणते, 'आत गेला, म्हणजे सगळेच गेले.'

दोन हस्तलिखितांची गोष्ट

कैद्याची मालकी म्हणजे पैसाअडकाच, असे नाही. आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध 'कैद्याची मालमत्ता' म्हणजे काही वह्या होत्या. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले. शाईची परवानगी नव्हती, म्हणून शिसपेन्सिलीने लिहिले. जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली, पण वह्या लगेच हाती आल्या नाहीत. त्या सरकारकडेच राहिल्या आणि पुढे परत मिळाल्या. १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला. त्या वह्या परत करणे सरकारला भाग होते की ती मेहेरबानी होती, हे त्या काळात कोणी ठामपणे सांगू शकले नसते.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला पन्नास वर्षे जावी लागली आणि ते मिळाले तेही एका मराठी पुस्तकामुळेच. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी परवानगी घेऊन 'अणूच्या अंतरंगात' नावाचे पुस्तक लिहिले. विषय शुद्ध विज्ञानाचा होता. हस्तलिखित बाहेर पाठवून छापण्याची परवानगी त्यांनी १९६४ मध्ये मागितली. राज्य सरकारने ती नाकारली. सरकारचे म्हणणे असे, की स्थानबद्धाला कोणकोणत्या गोष्टी करता येतील ते नियमांत लिहिले आहे आणि पुस्तक छापायला पाठवणे त्यात नाही.

उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ मध्ये तिथेही हरले. न्यायालयाने सरकारचा युक्तिवाद उलटा फिरवला. नियमांत असतात ती बंधने. जे बंधन लिहिलेले नाही, ते स्थानबद्धावर घालता येत नाही. ज्यांना कायद्याची पुस्तके वाचायची सवय नाही, त्यांनीही हे एक वाक्य लक्षात ठेवावे. तुरुंगाच्या खिडकीशी 'तसा नियम नाही' असे उत्तर मिळाले, तर 'मग तसे बंधन तरी कुठे आहे?' हा प्रश्न त्यातूनच निघतो.

पुढे १९७४ मध्ये विशाखापट्टणमच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या काही नक्षलवादी बंद्यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तक्रार होती भिंतीवरच्या विजेच्या तारांची आणि पहाऱ्याची. पण निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी मोठा मुद्दा स्पष्ट केला. शिक्षा झाली म्हणून माणसाचे सारे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. देशात कुठेही फिरण्याचा हक्क अर्थातच जातो. व्यवसाय करणेही थांबते. पण मालमत्ता मिळवणे, बाळगणे आणि तिची विल्हेवाट लावणे याला तुरुंगवास आड येत नाही.

पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. तरी त्याच्या जागी आलेले ३०० अ हे कलम सांगते, की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाही व्यक्तीची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. 'कोणाही व्यक्ती'मध्ये कैदी येतो.

मेरठचे सोने

इथवर वाचून वाटेल, की मग अडचण कुठे आहे? अडचण समजून घ्यायची तर मेरठला जावे लागेल.

२० सप्टेंबर १९४७. फाळणीचे दिवस. अमृतसरच्या एका सराफी पेढीचे भागीदार सोनेचांदी विकण्यासाठी फ्रंटियर मेलने मध्यरात्रीच्या सुमारास मेरठला उतरले. बाजारातून जाताना पोलिसांनी त्यांना संशयावरून अडवले, ठाण्यात नेले आणि कोठडीत घातले. जवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने आणि दोन मणांहून अधिक चांदी ताब्यात घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला. यथावकाश चांदी परत मिळाली. सोने मिळाले नाही. ज्या हवालदाराच्या ताब्यात मालखाना होता, तो ते सोने घेऊन ऑक्टोबरात पाकिस्तानात पळून गेला होता.

पेढीने सरकारवर दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. 'कस्तुरीलाल रलियाराम जैन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य' या नावाने ते कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. सप्टेंबर १९६४ मध्ये निकाल दिला तो सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या माणसाने. सोने कोषागारात ठेवायला हवे होते, पोलिसांनी नियम धाब्यावर बसवून घोर हयगय केली, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही भरपाई नाकारली. अटक, झडती आणि जप्ती हे सार्वभौम सत्तेचे काम आहे आणि ते करताना नोकराने केलेल्या गुन्ह्याबद्दल राज्यावर दावा चालत नाही, असा तेव्हाच्या कायद्याचा अर्थ लागला. निकाल देताना खुद्द गजेंद्रगडकरांनाही तो रुचला नव्हता. ही स्थिती समाधानकारक नाही, विधिमंडळांनी कायदा करावा, असे त्यांनी निकालातच लिहिले.

तसा कायदा झाला नाही. वाट काढली ती न्यायालयांनीच, थोडी थोडी करून. म्हैसूर राज्यातल्या एका बाईंचे चोरीला गेलेले दागिने पोलिसांनी हस्तगत केले आणि ते पोलिसांच्याच ताब्यातून नाहीसे झाले. माल परत देता येत नसेल तर राज्याने किंमत द्यावी, असे ठरवून १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा हजार रुपये देवविले. १९९४ मध्ये जप्त केलेल्या खतांच्या साठ्याच्या प्रकरणात सार्वभौम सत्तेची ती ढाल आणखी पातळ झाली. २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात न्यायालयाने बजावले, की जप्त मुद्देमाल ठाण्यांत वर्षानुवर्षे सडवू नका. छायाचित्रे काढा, पंचनामा करा, हमीपत्र घ्या आणि पंधरा दिवस ते महिनाभरात हक्कदाराला द्या. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या दुचाकी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा हुकूम किती पाळला जातो ते सांगायला नको. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, ४९७ व्या कलमाने मालाची यादी चौदा दिवसांत करायची आणि पुढे तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश द्यायचा, अशी मुदतच घालून दिली आहे.

मेरठच्या पेढीकडे निदान वजनाचा हिशेब होता. मावशींच्या मुलाकडे तोही नव्हता.

दोन ढीग, दोन कागद

अटकेच्या वेळी माणसाच्या अंगावरच्या वस्तूंचे दोन ढीग होतात. ते वेगळे ओळखता आले, की निम्मे काम झाले.

पहिला ढीग मुद्देमालाचा. ज्या वस्तूंचा गुन्ह्याशी संबंध आहे असे पोलिसांना वाटते, त्या वस्तू. मारामारीतली काठी, चोरीचा म्हणून पकडलेला फोन, संशयित रोकड. त्यांचा पंचनामा होतो, त्या न्यायालयाच्या अखत्यारीत जातात आणि परत मागायच्या तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. खटला संपेपर्यंत थांबायलाच हवे, असे नाही. आधीही हमीपत्रावर वस्तू ताब्यात मिळू शकते.

दुसरा ढीग साध्या वस्तूंचा. गुन्ह्याशी त्यांचा काही संबंध नाही. माणूस आत जातो म्हणून त्या काढून घेतल्या, एवढेच. अंगझडती घेताना आवश्यक कपडे सोडून बाकीच्या वस्तू पोलीस ताब्यात घेऊ शकतात. पण जे काही घेतले, त्याची पावती त्या माणसाला दिली पाहिजे, असे संहितेचे ४९ वे कलम सांगते. जुन्या संहितेत हेच ५१ वे कलम होते. 'दिली पाहिजे' हे कायद्याचे शब्द आहेत. 'मागितल्यास द्यावी' असे तिथे म्हटलेले नाही. अटक झालेली व्यक्ती स्त्री असेल तर झडती स्त्रीनेच, मर्यादा सांभाळून घ्यायची, हेही तिथेच आहे.

मावशींच्या मुलाला पावती मिळाली नव्हती. पंचनाम्यात काठीची नोंद होती, पाकिटाची नव्हती. तुरुंगात दाखल होताना वहीत लिहिले गेले ते एक घड्याळ आणि चाळीस रुपये. ठाण्याच्या दारापासून तुरुंगाच्या दारापर्यंत सहा हजारांचे चाळीस कसे झाले, हे कागदावर दाखवणे मला शक्य नव्हते. मुलगा पुढे जामिनावर सुटला. घड्याळ आणि चाळीस रुपये सही घेऊन परत मिळाले. बाकीचे गेले ते गेले. कोणत्याही न्यायमूर्तींनी त्याचा हक्क नाकारला नव्हता. हक्क सांगायला चिठ्ठी नव्हती, इतकेच.

तुरुंगातल्या नोंदीचा नियमही जुना आहे. १८९४ च्या कारागृह कायद्याने बंद्याकडून घेतलेल्या पैशांची आणि वस्तूंची वेगळी नोंद ठेवण्याचे काम तुरुंगाच्या अधीक्षकावर सोपवले आणि त्या वस्तू तुरुंगाधिकाऱ्याच्या ताब्यात सुरक्षित ठेवायला सांगितले. त्या कायद्याच्या जागी राज्ये आता नवे कायदे करू लागली आहेत, पण नोंद आणि ताबा ही दोन तत्त्वे टाकून देऊन चालणार नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये मंजूर केलेले 'नेल्सन मंडेला नियम'ही हेच सांगतात. वस्तूंची यादी करा, तिच्यावर बंद्याची सही घ्या, वस्तू खराब होणार नाहीत अशा ठेवा, सुटताना परत करा आणि तेव्हा त्याची पोच घ्या. ज्या माणसाच्या नावाने हे नियम ओळखले जातात, त्याने सत्तावीस वर्षे तुरुंगात काढली होती.

आतले खाते

तुरुंगात पैसे हातात बाळगता येत नाहीत. पण पैसे लागतात. साबण, तेल, दात घासायची पावडर, पोस्टाचे पाकीट, कधी फरसाण, कधी बिस्किटाचा पुडा. यासाठी आत कॅन्टीन असते आणि बंद्याच्या नावावर खासगी रोकडीचे खाते असते. घरून मनीऑर्डर आली की रक्कम खात्यावर जमा होते, कॅन्टीनमधून काही घेतले की वजा होते. किती मागवायचे याला मर्यादा असते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती महिन्याला साडेचार हजार रुपये होती. अशी मर्यादा घालणे गैर नाही. ज्याच्याकडे जास्त पैसा, त्याचे आत राज्य, असे होऊ नये म्हणून ती लागते. पण मर्यादा आहे खर्चावर आणि आवकेवर. खात्यातली शिल्लक बंद्याचीच राहते. तिचा हिशेब त्याला मागता येतो आणि सुटताना ती रक्कम त्याच्या हातात पडली पाहिजे.

खात्यात पैसे येण्याचा दुसरा मार्ग म्हणजे आतली मजुरी. सक्तमजुरीची शिक्षा म्हणजे फुकट राबणे, अशी आपली समजूत असते. १९९८ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्त केली. सक्तीने काम घेता येईल, पण कामाचा न्याय्य मोबदला द्यावा लागेल. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. या मजुरीतला काही भाग गुन्ह्याची झळ ज्यांना बसली त्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढावा, आणि त्यासाठी राज्यांनी कायदा करावा. प्रत्यक्षातले मजुरीचे दर तुटपुंजे आहेत. पण ते मजुराच्या मालकीचे आहेत.

ही मालकी किती खरी आहे, याचा एक अनपेक्षित पुरावा महाराष्ट्रानेच दिला. १ मे २०२२ रोजी येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात राज्य सहकारी बँकेच्या मदतीने 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू झाली. शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला पन्नास हजार रुपयांपर्यंत, सात टक्के व्याजाने, तारणाशिवाय कर्ज आणि फेड आतल्या मजुरीतून. हे पैसे मुलांच्या शिक्षणाला, घरच्या आजारपणाला, वकिलाच्या फीला उपयोगी पडावेत, ही कल्पना. बँक कोणाला कर्ज देते? ज्याच्या मिळकतीवर तिचा विश्वास असतो त्याला. कैद्याची मजुरी ही मिळकत आहे, असे एका बँकेने मान्य केले.

घर, शेत आणि बँक

अंगावरच्या वस्तूंपेक्षा मोठा प्रश्न बाहेर राहिलेल्या मिळकतीचा असतो. सातबारा त्याच्या नावावर, बँकेचे खाते त्याच्या एकट्याचे, पीककर्जाचा हप्ता तोंडावर आलेला. घरच्यांना वाटते, आता तो सुटेपर्यंत काहीच करता येणार नाही. मग कोणीतरी त्याच्या एटीएम कार्डावरून पैसे काढते, कोणी सहीची नक्कल करते आणि एका खटल्याचे दोन होतात.

याची गरज नसते. तुरुंगातला माणूस मुखत्यारपत्र करून देऊ शकतो, विकू शकतो, गहाण ठेवू शकतो, मृत्युपत्रही करू शकतो. नोंदणीला त्याने कचेरीत जावे लागते, ही अडचण १९०८ चा नोंदणी कायदा करणाऱ्यांनाही दिसली होती. त्यांनी लिहून ठेवले, की तुरुंगात असलेल्या व्यक्तीला प्रत्यक्ष हजर राहण्यापासून सूट आहे. नोंदणी अधिकाऱ्याने तिथे जावे किंवा तपासणीसाठी कोणाला तरी नेमून पाठवावे. हे कलम शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तकात आहे आणि फार थोडी कुटुंबे त्याचा आधार घेतात.

याला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. बँकेतले खाते हीसुद्धा 'मालमत्ता'च आहे आणि गुन्ह्याशी संबंधाचा संशय असेल तर पोलीस ते गोठवू शकतात, असे १९९९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आरोपीच्या नातेवाइकांचे खातेही त्यातून सुटत नाही. मात्र जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना दिली पाहिजे आणि खाते मोकळे करून मागायला तिथेच अर्ज करता येतो. गुन्ह्यातून मिळवलेला पैसा जप्त करण्याचे अधिकार गेल्या काही वर्षांत बरेच वाढले आहेत. नव्या संहितेच्या १०७ व्या कलमात ते आहेत, आर्थिक गुन्ह्यांच्या खास कायद्यांतही आहेत. फरार आरोपीची मिळकत जप्त होऊ शकते. आणि ज्याने खून केला, त्याला मृताचा वारसा मिळत नाही, हे हिंदू वारसा कायद्याचे २५ वे कलम सांगते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी कारण दाखवावे लागते आणि कायद्याचे कलम दाखवावे लागते. 'तो तुरुंगात आहे' एवढे कारण कुठेच पुरत नाही.

"चोराला कसली मालमत्ता?"

हे सगळे वाचून काही वाचक मनात म्हणतील, ज्याने दुसऱ्याचे लुबाडले त्याच्या पाकिटाची एवढी काळजी कशाला? प्रश्न रागातून येत असला तरी रास्त आहे. ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे दागिनेही त्याच ठाण्यात पडून असतात आणि तोही खेटे घालून थकलेला असतो.

पण त्याचे उत्तर म्हणजे कैद्याचे पाकीट वहीबाहेर ठेवणे नव्हे. भरपाई मिळायची तर ती नोंदलेल्या मजुरीतून आणि हिशेबी खात्यातूनच मिळू शकते. १९९८ च्या निकालाने सुचवली ती वाट हीच. ज्या वहीत आरोपीचे घड्याळ नीट लिहिले जाते, तिथेच फिर्यादीचे मंगळसूत्रही नीट लिहिले जाण्याची शक्यता असते. नोंद न झालेल्या पैशाचा फायदा फिर्यादीला कधीच होत नाही. तो तिसऱ्याच कोणाला होतो.

आणि आत कोण आहे, तेही पाहावे. २०२२ च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांतली चार लाख चौतीस हजार कच्चे कैदी होती, म्हणजे त्यांचा निकाल लागलेलाच नव्हता. दर चारांतले तीन. कायद्याच्या नजरेत ही माणसे अजून गुन्हेगार नाहीत. त्यांतले अनेक निर्दोष सुटतील. पण ज्या दिवशी सुटतील, त्या दिवशी तुरुंगाच्या दारापासून गावापर्यंत एसटीचे भाडे त्यांच्या खिशात असेल की नाही, हे दाखल होतानाच्या त्या दोन ओळींवर अवलंबून आहे.

म्हणून घरच्यांनी काय करावे, ते सरळ सांगतो. अटकेची बातमी कळली की वकिलाइतकीच घाई एका कागदाची करावी. त्याच्या अंगावर काय होते, ते आठवून त्याच दिवशी लिहून काढावे. रोकड किती, फोन कुठल्या कंपनीचा, अंगठी किती ग्रॅमची. ठाण्यात अंगझडतीची पावती मागावी. नाही दिली, तर पहिल्यांदा न्यायालयात हजर करतील तेव्हा दंडाधिकाऱ्यांना तसे सांगावे आणि त्याची नोंद करून घ्यायची विनंती करावी. तुरुंगात मुलाखतीला गेल्यावर 'जेवलास का?' विचारून झाले, की 'वहीत काय काय लिहिले आहे?' हेही विचारावे. मनीऑर्डरची पोच फेकू नये. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. कोठडीतल्या माणसाला त्याची मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो, हे १९८७ चा कायदाच सांगतो. आणि तो वकील जामिनाइतकाच मुद्देमाल परत मिळवण्याचा अर्जही करून देऊ शकतो.

टिळकांच्या वह्या परत आल्या, तेव्हा त्यांच्यामागे सारा देश उभा होता. आज ज्यांचे पाकीट कचेरीतल्या कपाटात पडून आहे, त्यांच्यामागे बहुतेक वेळा एक थकलेली आई किंवा बायको उभी असते. तिला घटनेचे कलम पाठ असायची गरज नाही. खिडकीशी उभे राहून "पावती द्या" एवढे दोन शब्द तिला न घाबरता म्हणता आले, तरी पुष्कळ झाले.